शेवटच्या खांबावरची ऊब

इस्त्री, किटली, हीटर, जे जे तापतं ते दुरुस्त करणाऱ्या या माणसाला बाजारात सगळे वॅटकाका म्हणत. वस्तू तयार झाली की ते ती दुकानातल्या फळीवरच्या दोन मीटरांना जोडत, व्होल्टला अँपिअरने गुणत आणि आलेले वॅट तिच्या बुडाशी खडूने लिहीत. आकडा लिहिला की विषय संपला. कुणी परत येऊन "नीट तापत नाही हो" म्हणालं, तर काका वस्तू पुन्हा मीटरला लावत, तोच आकडा दाखवत आणि गिऱ्हाईक एवढंसं तोंड करून निघून जाई.

संसारही त्यांनी असाच केला. काकू अंग तापलंय म्हणाल्या की आधी थर्मामीटर, मग काळजी. काळजी मात्र जीव तोडून करत.

काकूंना बरीच वर्षं साखरेचा त्रास होता. "पायांना ऊब कळेनाशी झाली तर अंगावर काढू नका," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. थंडी पडली तशी काकांनी घरासाठी हीटर बांधला. दुकानात पाहिलं तर दोनशे तीस व्होल्ट, चार पूर्णांक सहा अँपिअर. खडूने लिहिलं, एक हजार अठ्ठावन्न.

संध्याकाळी काकू जरा लांबून हीटरपुढे पाय करून बसल्या.

"अहो, विशेष काही लागत नाही."

"असं कसं? हजाराच्या वर आहे तो."

"असेल. पाय गारच आहेत माझे."

काकांनी हात कॉइलजवळ नेला, तर चांगला चटका बसला. हीटर ठीक, म्हणजे पायांची जाणीवच गेली. दुसऱ्या दिवशी हीटर दुकानात नेऊन पुन्हा तपासला, आकडा तोच. घरी परतल्यावर ते एवढंच म्हणाले, "उद्या डॉक्टरांकडे जाऊ."

"जाऊ की. पण त्याआधी तुमची ती फळी आणा घरी. मलाही बघू दे हा हजाराचा मामला."

बायकोची समजूत पटावी म्हणून काका आल्या पावलीच मागे फिरले आणि फळी काखेत मारून आले. हीटर जोडला. काटे हलले आणि थांबले. एकशे ऐंशी व्होल्ट, तीन पूर्णांक सहा अँपिअर. गुणाकार सहाशे अठ्ठेचाळीस.

कॉइल बिघडली असेल म्हणून त्यांनी व्होल्टला अँपिअरने भागलं. कॉइलचा विरोध आला पन्नास ओहम. दुकानातले आकडे भागले, तेही पन्नास. कॉइल तीच आणि धडधाकट. कमी होती ती वीज. दुकान ट्रान्सफॉर्मरला लागून, घर गल्लीच्या शेवटच्या खांबावर. संध्याकाळी घरोघरी शेगड्या लागल्या की इथवर पोचेपर्यंत विजेचा जोर सरायचा. दुसऱ्यांच्या वस्तू तपासण्यात जन्म गेला आणि स्वतःच्या घराचा व्होल्ट कधी पाहिला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. एवढंसं तोंड करून गेलेली कितीतरी गिऱ्हाइकं याच गल्लीतली होती, हेही त्यांना आत्ता आठवलं.

ते खाली बसले आणि काकूंचे पाय त्यांनी मांडीवर घेतले. खरंच गार होते.

"चांगले आहेत गं पाय तुझे," ते म्हणाले. "सगळं कळतंय त्यांना."

"मग मी काय सांगत होते कालपासून?"

काकांनी मान डोलावली. हीटर मिळेल तेवढ्या विजेवर तापत होता, तरी बराच वेळ ते आपल्या तळहातांनीच ते पाय चोळत राहिले.

"आता लागतंय," काकू म्हणाल्या.

किती, हे काकांनी विचारलं नाही.