मापाचं कापड

"आधी मुक्याने."

ठाकूरद्वारच्या चाळीत एक बाई पियानो शिकवायची. तिच्या खोलीत मी हे पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा मनात म्हटलं, बाई गं, पियानोच नाही तर मुक्याने नाही वाजवणार तर काय करणार! टेबलावर कापडाचा पियानो अंथरलेला. हिंदमाताच्या कापडबाजारातून आणलेलं पांढरं पॉपलीन, त्यावर पट्ट्यांच्या रेघा शिवलेल्या. काळ्या पट्ट्यांच्या जागी लांबट काळे खिसे आणि बोटांना उंची कळावी म्हणून आत जुन्या स्लीपरचं रबर कापून भरलेलं. एक छोटा कीबोर्ड कपाटावर होता, पण तो खाली यायचा तास संपताना. तोवर पोरं कापडावर बोटं चालवायची आणि ही बाई मान तिरकी करून सांगायची, "डावा हात मागे राहिला."

आता तुम्हीच सांगा, हे शिकवणं की जादूचे प्रयोग? मी एकदा विचारलंच. ती हसली. "बोटं दिसतात ना, ताई."

मीही पियानोच शिकवते, दादरला. माझ्याकडे खरा पियानो आहे, एका पारशी कुटुंबाकडून घेतलेला. ठेका देणारा मेट्रोनोम आहे, सुरांची रंगीत कार्डं आहेत, परदेशी पुस्तकं आहेत. आणि माझ्याच विद्यार्थ्यांच्या आया मला विचारायच्या, "मॅडम, तुम्ही ते कापड नाही का देत? घरी कोणाला त्रास होत नाही म्हणे." अंगाचा तिळपापड व्हायचा. खोटं कशाला बोलू, मी घरी बसून तसं एक शिवायलाही घेतलं होतं. खिसे वाकडे आले. फेकून दिलं.

पण विद्यार्थी गेले तर गेले. माझी केतकी गेली, ते मात्र आजही गळ्याखाली उतरत नाही.

केतकी माझी मुलगी. सातवीत असताना तिने आमच्या पियानोचं झाकण लावलं ते लावलंच. म्हणाली, "आई, तू किचनमधून ओरडतेस." अहो, चूक ऐकू आली की ओरडणारच ना! कुकरची शिट्टी सोडून मी तिचा चुकलेला सूर ऐकायचे, त्याचं कौतुक नाही. मग मैत्रिणीबरोबर ती ठाकूरद्वारला जायला लागली. परत येताना बसस्टॉपपासून "टीचर असं म्हणाल्या, टीचर तसं म्हणाल्या" सुरू. मी आई, आणि टीचर ती!

पुढे एकदा ती बाई आमच्या घरी आली, पर्समध्ये शिंप्याची टेप घेऊन. "ताई, तुमच्या पियानोचं माप घेऊ का? जुन्या पियानोंच्या पट्ट्यांत थोडाफार फरक असतो. केतकीसाठी नवं कापड शिवायचंय."

मी चहा दिला, रोजच्या कपातून. तिने एकेक पट्टी मोजली, काळ्यांची उंचीसुद्धा, आणि आकडे तळहातावर लिहिले. मी मुद्दाम म्हटलं, "आल्याच आहात तर वाजवा की थोडं." माझ्या पियानोवर तिची बोटं अडखळलेली मला बघायची होती.

"नको," ती म्हणाली. "त्याच्यावर आता पहिल्यांदा केतकी वाजवेल."

वाजवता येत नसेल, दुसरं काय, असं म्हणून मी कप उचलले.

नवं कापड आलं. मी उलटसुलट करून बघितलं. खिशांना खालून टाकाच नव्हता. "शिवण अर्धीच सोडलीय बाईंनी," मी म्हटलं. केतकीने ते माझ्या हातातून काढून घेतलं. मग रोज संध्याकाळी हे बघायचं नशिबी आलं. हातभर अंतरावर खरा पियानो आणि माझी मुलगी जेवणाच्या टेबलावर कापड बडवतेय. कधी डोळे मिटून, कधी स्वतःशी हसत. काय वाजतंय ते तिला ऐकू येत होतं. ठाकूरद्वारला त्या बाईला ऐकू येत होतं. मलाच येत नव्हतं.

"यात काय मजा येते गं?"

"इथे चुकलं तरी कोणाला कळत नाही, आई."



यंदा ठाकूरद्वारची ती चाळ पाडायला काढली. ती बाई भावाकडे रत्नागिरीला निघून गेली, कायमची. खरं सांगते, मला बरं वाटलं. केतकी निरोप देऊन आली, डोळे सुजलेले. चपला काढल्या आणि टेबलाकडे न जाता कापडातली रबरं एकेक करून उपसायला लागली.

"अगं, फाडतेस की काय?"

"टीचरनी सांगितलंय. मी गेले की रबरं काढ आणि घरच्या पियानोला घाल."

तिने झाकण उघडलं, कापड पसरलं. रिकामे खिसे काळ्या पट्ट्यांवर उशीच्या खोळीसारखे चढले, एकही सैल नाही. टाका का सोडला होता ते मला तेव्हा कळलं. बाई पहिल्यापासून माझ्या पोरीला माझ्याकडेच धाडत होती, आणि मेलं मला तेही सहन होईना. माझ्या पियानोवर शेवटी तिचंच कापड!

केतकी वाजवायला लागली. इतकी वर्षं टेबलावर मुकं राहिलेलं सगळं आमच्या घरात ऐकू यायला लागलं. किती पुढे गेली होती ही! मी स्वयंपाकघराच्या दारात, हातात कणीक तशीच. एका जागी ती चुकली. मी ओठ गच्च मिटून घेतले.

तिने हात थांबवले. वळली नाही.

"आई, कुठे चुकलं गं?"

"डावा हात," मी म्हटलं, "मागे राहिला."

वाक्यसुद्धा त्या बाईचंच निघालं तोंडून.