टॅन्सी अंत्यविधी चुकवत नाहीत

गेल्या महिन्यात नोरीन तीन अंत्यविधींना गेली आणि तिन्ही वेळा गाडीतून उतरली नाही. मला हे पक्षाचं काम बघणाऱ्या जार्लथने सांगितलं. चर्चच्या भिंतीला लागून गाडी उभी, इंजिन चालू आणि ती स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेली. लोक काचेतून बघतात, पुढे जातात.

"आजारी आहे का ती?" त्याने विचारलं.

"सर्दी आहे," मी म्हटलं. महिनाभर कुणाला सर्दी नसते, हे त्यालाही कळतं. तेव्हापासून ती गाडी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

नोरीन माझी मुलगी, किलावाराची खासदार. तिच्या आधी तिचे वडील मॅलकी टॅन्सी सव्वीस वर्षं खासदार होते, त्यांच्या आधी त्यांचे वडील. टॅन्सींकडे मूल जन्मलं की सुईण आधी उजवा हात धड आहे का ते बघते, असं इथे गमतीने म्हणतात. पण आमचं घर खरोखर त्या हातावरच चाललं. रोज सकाळी नऊला इथल्या रेडिओवर मृतांची नावं वाचतात. लग्न होऊन आले त्या आठवड्यापासून मी ती वहीत उतरवून घेते: कोण, कुठल्या गावचा, सांत्वनाच्या भेटीची रांग किती वाजता. संध्याकाळी मॅलकी जायचे, शवपेटीजवळ उभ्या असलेल्या घरच्या प्रत्येकाचा हात हातात घ्यायचे आणि दोन शब्द बोलायचे. एक अंत्यविधी चुकला की एका गावाची मतं गेली, असं माझे सासरे म्हणत.

नोरीनला यातलं काही नको होतं. ती गॉलवेच्या एका शाळेत भूगोल शिकवायची आणि रविवारी मुलांना दलदलीत नेऊन चिखलाने माखून परत आणायची. मॅलकी अचानक गेले तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती. ते बाहेरच्या खोलीत शवपेटीत होते आणि स्वयंपाकघरात पक्षाची चार माणसं हॅमची सँडविचं खात बसली होती. रिकामी झालेली जागा घरातच राहायला हवी, ही इथली रीत. जार्लथ मॅलकींची गाडी चालवायचा, मतं जमवायचा, सगळंच करायचा. तो म्हणाला, "मिसेस टॅन्सी, तुम्हीच उभ्या राहा. विधवेला कोणी नाही म्हणत नाही."

मी कॉलेजात इतिहास शिकलेली. मला जमलं असतं. पण मला भीती वाटली. किटलीत पाणी भरता भरता मी म्हटलं, "नोरीन राहील." ती तेव्हा वडिलांच्या उशाशी बसली होती. मी तिच्याजवळ गेले आणि सांगितलं, "तुझ्या वडिलांची हीच इच्छा होती. मला बोलले होते."

ते असं काही बोलले नव्हते.

पोटनिवडणूक ती जिंकली. पुढच्याही तीन निवडणुका जिंकली. दर शनिवारी पबच्या मागच्या खोलीत लोकांची गाऱ्हाणी ऐकायची. एक म्हातारा तिला म्हणाला, "तुझ्या बापाने मला घर मिळवून दिलं. तुझ्याकडून निदान गटार तरी?"

"गटार देते, पॅडी. पण पबमधून घरी जाताना त्यात पडायचं नाही."

त्याला गटार मिळालं. तिला माणसं आवडू लागली होती, हे मला दिसत होतं, आणि मी मनाची समजूत घालत होते की मी तिचं भलंच केलं. गेल्या वर्षी ती राज्यमंत्री झाली तेव्हा लोकांनी आनंदाने चौकाचौकात शेकोट्या पेटवल्या.

मग आमच्या हॉस्पिटलचा तातडीचा विभाग बंद करायचं सरकारने ठरवलं. हे होऊ देणार नाही, असं तिने त्याच हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर उभं राहून सांगितलं होतं. संसदेतल्या मतदानाच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. "मम्मी, विरोधात मत दिलं तर मंत्रिपद जाईल, कदाचित पक्षातूनही काढतील. काय करू?"

"तुझे वडील कधी पक्षाविरुद्ध गेले नाहीत," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने सरकारच्या बाजूने मत दिलं आणि विभाग बंद झाला.

नोव्हेंबरात डॉमिनिक फीलीच्या छातीत कळ आली. वय त्रेपन्न. दुसरं हॉस्पिटल सत्तर किलोमीटरवर. तो वाटेतच गेला. सकाळी रेडिओवर त्याचं नाव आलं आणि मी ते वहीत लिहिलं.

"मम्मी, फीलींकडे नको," नोरीन म्हणाली. "तोंड कसं दाखवू?"

"तिथेच तर जायला हवं. टॅन्सी अंत्यविधी चुकवत नाहीत."

मीही तिच्यासोबत गेले. रांग पार रस्त्यापर्यंत होती. डॉमिनिकची बायको कन्सेप्टा शवपेटीजवळ उभी होती. नोरीनने हात पुढे केला. कन्सेप्टाने तो धरला आणि सोडलाच नाही.

"अठ्ठेचाळीस मिनिटं, नोरीन. मी अँब्युलन्समध्ये घड्याळ बघत होते." आवाज अगदी हळू. "तुझ्या बापानेही तेच मत दिलं असतं. पण इथे यायची त्याला लाज वाटली असती."

मागे साठ-सत्तर माणसं ऐकत उभी. नोरीनने हात सोडवायचा प्रयत्न केला नाही. शेवटी कन्सेप्टाच्या मुलाने आईची बोटं एकेक करून सोडवली. गाडीत बसल्यावर नोरीन तो हात मांडीवर उताणा ठेवून घरापर्यंत त्याच्याकडे बघत होती.

आज दुपारी जार्लथ आला. शुक्रवारी पक्ष पुढच्या निवडणुकीचा उमेदवार ठरवणार आहे आणि नोरीन कुणाचा फोन घेत नाही.

"तुमचं ऐकते ती," तो म्हणाला. "लोक विसरतात, मिसेस टॅन्सी. चार अंत्यविधींना नीट हजेरी लावली की विसरतात."

"आणि तिने नाही म्हटलं तर?"

"मग टॅन्सी संपले. मॅलकींच्या आत्म्याला काय वाटेल?"

मी उठून किटलीत पाणी भरायला लागले, आणि हात तिथेच थांबला. ती उभी राहणार नाही, असं जार्लथला सांगून टाकावं, असं तोंडाशी आलं होतं. पण म्हणजे पुन्हा तेच झालं असतं. पुन्हा याच स्वयंपाकघरात, ती नसताना, मीच ठरवलं असतं. मी त्याला चहा दिला आणि काही न बोलता पाठवलं.

उद्या नऊला रेडिओवर नावं लागतील. वही मी ड्रॉवरमध्ये ठेवली आहे. त्याआधी, आठ वाजता, नोरीनला फोन करायचा. माझा फोन ती उचलते, निदान आजवर तरी उचलते. उभी राहा म्हणायचं नाही, राहू नको असंही नाही. तिच्या वडिलांनी काहीच सांगून ठेवलं नव्हतं आणि जागा आधी मला देऊ केली होती, एवढंच सांगायचं. मग ती जे बोलेल ते ऐकायचं, आणि तिने फोन ठेवेपर्यंत आपण ठेवायचा नाही.