एका मशिनावर किती कर्णे?

कार्यक्रम संपल्यावर वायर गुंडाळणाऱ्या साउंडवाल्यांजवळ कधी बसू नका. वायर गुंडाळून होते, किस्से संपत नाहीत. मी स्वतः शाणूदादाच्या साउंडवर निवेदक, म्हणजे 'हॅलो, हॅलो' करणारा, त्यामुळे माझ्याकडे ढीगच साठलाय. गोवा घटक राज्य झालं त्याच्या आगेमागेचे हे सगळे.

शाणूदादा आमच्या पार्से गावचा. आधी डिचोलीकडे खनिजाच्या ट्रकावर ड्रायव्हर होता. ती नोकरी सोडून त्यानं एक मोठा अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर-बॉक्स घेतले. अ‍ॅम्प्लिफायरला आम्ही नुसतं 'मशीन' म्हणायचो. मशीन तापू नये म्हणून घरातला एकुलता एक टेबलफॅन त्याच्यासमोर लागला. बायको-मुलं पुठ्ठ्यानं वारा घेतायत आणि मशीन ऐटीत बसलंय!

त्याची बायको, आमची वयनी, सावंतवाडीकडची. ती म्हणाली, "पुढच्या जल्माक मी अ‍ॅम्प्लिफायर होतलंय. फॅन तरी मिळतलो."

आणि दर कार्यक्रमाला निघताना तिचं एक वाक्य ठरलेलं. "ह्यां जळलां की परत ट्रक, ध्यानात ठेवा." आम्हाला वाटायचं, हिला नवरा ट्रकावरच हवाय. महिन्याचा पगार कुणाला नको असतो?

*

आमचा तिसरा गडी गुरुदास, कारापूरचा, खाणीच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन. सुट्टी असली की हजर. शाणूदादाचा समज असा, की मशीन मोठं आहे म्हणजे त्याला हवे तितके स्पीकर जोडावेत. गुरुदासनं ओहम, वॅट, लोड असं पाऊण तास समजावलं. शाणूदादा मान डोलवत राहिला आणि शेवटी म्हणाला, "मग जोडू ना अजून दोन?"

गुरुदासनं कपाळाला हात लावला. "शाणू, एका म्हशीला पारडं किती लावशील?"

"एक. फार तर दोन."

"आणि सहा लावली तर?"

"म्हैस मरेल की."

"झालं. आता तुला ओहम कळला."

*

आमच्या देवळातला भजनी सप्ताह म्हणजे वाड्यावाड्याची चुरस. प्रत्येक वाड्याची भजनाची पाळी ठरलेली, आणि प्रत्येक वाड्याला आपल्या दिशेनं तोंड केलेला एक कर्णा पाहिजे. वाडे पाच, मशिनाला पेलणारे कर्णे चार. पाचवा लावला तर मशीन जातं, नाही लावला तर खालचा वाडा आयुष्यभर बोलत नाही.

शाणूदादानं पाचवा कर्णा माडाला बांधला, तोंड खालच्या वाड्याकडे. वायर जोडलीच नाही.

दुसऱ्या दिवशी खालच्या वाड्यातले एक आजोबा मुद्दाम येऊन सांगून गेले, "सगळ्यांत गोड आमचाच कर्णा हो. बाकीचे नुसते बोंबलतात."

*

भाषेच्या वादाचे दिवस. शनिवारी कोकणीवाल्यांची सभा, रविवारी मराठीवाल्यांची. साउंड दोघांनाही आमचंच, कारण तालुक्यात दुसरं धड नव्हतंच. शनिवारच्या वक्त्यानं माईक तोंडात घालून अशी गर्जना केली की कर्ण्याच्या युनिटचा पडदा फाटला. रविवारी दुसऱ्या बाजूच्या वक्त्यानं दुसरा फाडला.

शाणूदादा दोन्ही पडदे हातात घेऊन बघत बसला. म्हणाला, "ह्यांच्यात वाद कसला आहे रे? मला तर काही फरक दिसत नाही."

*

एकदा मोठं मशीन दुरुस्तीला होतं आणि चोपड्याला होड्यांच्या पूजेचा कार्यक्रम ठरलेला. गुरुदास ड्युटीवर. आम्ही शहाण्यांनी रेडिओवाल्याचं छोटं मशीन आणून मोठ्या बॉक्सना जोडलं. छोटं मशीन मोठ्या बॉक्सचं काय बिघडवणार? आवाज कमी पडला म्हणून बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. आवाज फाटका यायला लागला, तरी आम्ही खूश. पुढे काहीतरी जळल्याचा वास सुटला.

मांडवातला म्हातारा रापणकार, जन्मभर रापणीचं जाळं ओढलेला, उठला आणि थेट स्वयंपाक्यावर ओरडला, "रे, बांगडो करपलो मरे!"

बांगडा ठीक होता. आमच्या बॉक्समधले दोन्ही ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजाचे छोटे स्पीकर, जळून गेले होते. गुरुदासनं नंतर आमची यथेच्छ पूजा बांधली. मशीन दमेपर्यंत ताणलं की फाटका आवाज बाहेर पडतो आणि तोच ट्वीटर जाळतो, हे आम्हाला तेव्हा कळलं.

*

आणि हा एक. पेडण्याजवळ शाळेच्या मैदानावर सकाळचा सोहळा होता. समितीचे अध्यक्ष भाऊ म्हणजे बडं प्रस्थ, तालुक्यातले निम्मे कार्यक्रम त्यांच्या शब्दावर मिळत. ते नाराज झाले, तर शाणूदादाचं साउंड बसलंच समजा. भाऊंनी कुठून तरी आणखी चार बॉक्स आणून ठेवलेले. "शाणू, हे पण जोड. मागं ऐकू येत नाही."

शाणूदादा म्हणाला, "भाऊ, मशीन जाईल."

"दोन वायर तर जोडायच्या! नाहीतर पुढच्या वेळी दुसरा बघतो."

गुरुदास त्या दिवशीही नव्हता. मी टेस्टिंग करता करता मशिनाजवळ येऊन उभा, माईक हातात तसाच. शाणूदादानं माझ्याकडे पाहिलं, भाऊंकडे पाहिलं, आणि गुपचूप वायर सोलायला घेतली.  मला त्याची फार दया आली, पण मी काय बोलणार?

बायकांच्या रांगेतून वयनी उठली. कधी नव्हे ती कार्यक्रमाला आली होती. सरळ येऊन तिनं मशिनावर हात ठेवला.

"भाऊ, ह्येका हात लावूचो नाय. ह्यां जळलां तर हे परत ट्रकावर जातले. हे ट्रकावर होते तेवा माका एक रात धड झोप नाय लागली. दारात गाडी वाजली की वाटायचां, कोण तरी सांगाक इलो. माका हे जिते होये."

 शाणूदादाच्या हातातली वायर तशीच. सगळं मैदान आमच्याकडे वळून बघायला लागलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की माझ्या हातातला माईक चालूच आहे.

आणि अगदी मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "वयनी, हांगा बरें आयकूंक येता गो!"