कुसुमच्या पडवीतली पाहुणी

कुसुम गेल्याचा फोन आला तेव्हा मी पवनानगरच्या घरी पावटे सोलत होते. वाईट वाटलंच, पण त्याआधी मनात आलं ते भलतंच... हिच्यासाठी किती पोरी रडतील. माझ्यासाठी दोन सुना रडतील, त्यातली एक शेजारणी बघत असतील तरच. झालंही तसंच. औंढ्याच्या मुलींच्या बालगृहात तिनं वाढवलेल्या पोरी कडेवर लेकरं घेऊन कुठून कुठून आल्या. आणि मी, तिची शाळेपासूनची मैत्रीण, सगळ्यांच्या मागे उभी.

जळायची सवय माझी जुनीच. कुसुम बालगृहाची अधीक्षिका होऊन तिथंच राहायला गेली, तेव्हा मला वाटलं होतं, चार दिवसांत कंटाळून परत येईल. ती काही आली नाही, मग मीच डबा घेऊन जायला लागले. केसांत अबोली, अंगावर ठेवणीतली साडी, जणू पोरी मलाच बघायला खोळंबल्यात. पोरी धावायच्या त्या डब्याकडे. कुसुम मला पडवीतल्या बाकावर बसवायची, पोरींच्या खोल्यांकडे फिरकू द्यायची नाही. त्यातल्या सोनाली नावाच्या बारक्या पोरीनं मला लळा लावला होता. एका दिवाळीत म्हटलं, हिला दोन दिवस घरी नेते.

"न्हाई," कुसुम म्हणाली.

"अगं, मी काय परकी हाय?"

"हितं समदी वळखीचीच येत्यात. परकं कोण येतंय?"

"इस्वास न्हाई व्हय माझ्यावर?"

"हाय की. पर तुला दिली, तर उद्या दुसऱ्याला कुठल्या तोंडानं न्हाई म्हणू?"

मी डबा उचलून तरातरा निघाले. निम्म्या वाटेत कळलं, रागाच्या भरात पोरींच्या चकल्याही परत घेऊन चाललेय. वळून द्यायला गेले असते तर अपमान झाला असता ना माझा.

रुसवा फार टिकला नाही, कारण मला दुसरी मैत्रीण नव्हती. पुन्हा त्याच बाकावर बसले होते, तेव्हा खंडाळ्याचे एक बंगलेवाले आले. बालगृहाचं धान्य त्यांच्याकडूनच यायचं. म्हणाले, "सोनालीला रविवारी बंगल्यावर पाठवा, जरा बदल होईल."

"जमणार न्हाई, सायेब."

"ताई, आमच्यावर संशय घेता?"

"ही माझी शाळेपासनंची मैतरीण. हिलाबी दिली न्हाई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी अशी मान डोलावली, जणू नियम मीच केला होता. धान्य बंद झालं, कुसुम दारोदार फिरली, सोनाली मात्र तिथंच राहिली. त्या माणसाच्या मनात काय होतं कुणास ठाऊक, असं मी पुढे एकदा म्हटलं. कुसुम म्हणाली, "ते कळायला पोर पाठवायची व्हय?"

परवा मुद्दाम तिकडे गेले. पडवीत एक चिमुरडी सागरगोटे खेळत होती. म्हटलं, "चल गं, रस्त्यापलीकडं कैऱ्या पाडू."

"न्हाई." तिचा सागरगोटा वरच्या वर झेलून झाला होता. "ताई म्हणायच्या, मोठ्या माणसालाबी न्हाई म्हणायचं." आणि पुन्हा खेळायला लागली. ना भीती, ना संकोच.

इतका हेवा मला अंत्यविधीच्या गर्दीचाही वाटला नव्हता. घरी येऊन धाकट्या नातीला समोर बसवलं. म्हटलं, "मला न्हाई म्हण बघू."

तिनं मान खाली घातली.

"बरं, आजी," म्हणाली.