अठरा सेंटिमीटरचा चौकोन

माझ्या निळ्या गाडीच्या डिकीवर, उजव्या अंगाला, अठरा सेंटिमीटर लांब आणि तितकाच रुंद असा एक चौकोन होता. तो कोणी रंगवलेला नव्हता. बाकीची गाडी केडगावच्या उन्हात वर्षानुवर्षे उभी राहून राखी पडली होती. तेवढ्या चौकोनात मात्र रंग पहिल्या दिवसासारखा गडद राहिला होता, कारण त्या जागी दीर्घकाळ एक पांढरा चिकटकागद होता आणि त्यावर लाल रंगात ‘एल’ हे अक्षर होते. शिकाऊ चालक म्हणजे माझी पत्नी. ती आता नाही. तिच्या साड्या, पुस्तके, भांडी मी मागणाऱ्यांना देऊन टाकली. हा चौकोन कोणाला देण्याजोगा नव्हता, म्हणून तो माझ्याकडे राहिला.

मी न्यायालयात लिपिक म्हणून लागलो आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. जे सांगायचे ते लेखी सांगावे, क्रमांक घालून सांगावे आणि आपल्याकडची नक्कल, म्हणजे स्थळप्रत, जपून ठेवावी, ही सवय नोकरीबरोबर सुटली नाही. बंद पथदिव्यांविषयी, वेळेआधी निघून जाणाऱ्या एसटीविषयी, पदपथावर मांडलेल्या खुर्च्यांविषयी मी पत्रे लिहितो. उत्तरे येत नाहीत. माझ्या कपाटात स्थळप्रतींच्या सात फायली आहेत, आणि आलेल्या उत्तरांची एक आहे. ती अद्याप फुगलेली नाही.

पत्नीने बावन्नाव्या वर्षी गाडी शिकायचे ठरवले. तिची बहीण श्रीरामपूरला राहत असे. “एकदा तरी स्वतः गाडी चालवत तिच्या दारात जाऊन हॉर्न वाजवायचा आहे,” असे ती म्हणे. मी विरोध केला नाही. उलट नियम काढून वाचला. पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षर, चौकोनाची बाजू किमान अठरा सेंटिमीटर. बाजारातली अक्षरे मापात नव्हती, म्हणून मी पट्टी घेऊन कागद स्वतः कापला. ती बाजूला उभी राहून हसत होती. “अहो, मला शिकवायचं आहे की गाडीची नोंदणी करायची आहे?”

रोज सकाळी ती चालवी आणि मी शेजारी बसून वहीत टिपणे घेई. “तुम्ही पेन काढलंत की मला ब्रेक सापडत नाही,” ती म्हणे. वास्तविक ती बरी चालवत होती. चाचणीच्या आदल्या दिवशी मी तिला एक पत्र दिले. विषय : वाहनचालनात निदर्शनास आलेल्या त्रुटी. एकूण चौदा. ती ओट्यापाशी उभी होती. तिने पहिली दोन कलमे पाहिली आणि म्हणाली, “अहो, पण मला म्हणायचंय—”

मी म्हणालो, “आधी पूर्ण वाच.”

तिने वाचले, घडी घातली आणि डब्याखाली ठेवले. दुसऱ्या दिवशी ती चाचणीला गेली नाही. शिकाऊ परवान्याची मुदत संपली. मी कागद काढू लागलो तेव्हा ती म्हणाली, “राहू दे. तुमचं माप वाया नको जायला.” पुढे ती श्रीरामपूरला एसटीनेच जात राहिली. तिला काय म्हणायचे होते हे मी विचारले नाही, आणि तिनेही तो विषय पुन्हा काढला नाही. ती गेल्यानंतर दोन वर्षांनी कागद वाळून त्याचे कोपरे उचलले. परवाना नसताना अक्षर लावणे गैर, म्हणून मी तो सोलून काढला. खाली तो निळा चौकोन होता. त्या दिवसापासून गाडी धुताना मी तेवढा भाग शेवटी आणि हाताने धूत असे.

यंदा आमच्या गृहसंस्थेने आवारातील बेवारस वाहने हटवण्याची सूचना काढली, आणि तिची एक प्रत माझ्या गाडीच्या काचेवर चिकटवली. बेवारस! विमा चालू, कर भरलेला, मालक दुसऱ्या मजल्यावर हयात. मी चार पानी उत्तर लिहून ‘बेवारस’ या शब्दाची व्याख्या मागितली. सचिव फाटकापाशी भेटले. पाने हातात तोलत म्हणाले, “साहेब, एवढं लिहिण्यापेक्षा गाडीला एकदा पॉलिश मारून आणा ना. मग कोणाची छाती आहे बेवारस म्हणायची?”

वॉचमन हसला. त्या हसण्याचा राग मला तीन दिवस पुरला. चौथ्या दिवशी मी पुणे रस्त्यावरच्या एका कारागिराकडे गाडी नेली. पन्नाशीचा मनुष्य, कोपरापर्यंत पांढरी भुकटी. त्याने टपावरून बोट फिरवले आणि निळसर झालेले बोट मला दाखवले.

“लई उन्हात ठिवली हो हिला.”

“ठेवली नाही. उभी होती.”

“तेच की, साहेब. पन रंग मेला न्हाई. वरची साय गेली की खालनं निघंल.”

मी त्याला सूचनापत्र दिले. नऊ कलमे. सातवे असे : डिकीवरील चौकोनास मशीन, मलम अथवा फडके यांचा स्पर्श होता कामा नये. त्याने ते ओठ हलवत वाचले.

“आमच्याकडं लोक ‘चकाचक कर’ एवढंच म्हनत्यात. चौकोनाचं कारन काय, साहेब?”

“वैयक्तिक.”

“बरं. पन मला म्हनायचंय की—”

“म्हणू नका. पत्रात लिहिले आहे तेवढे करा.”

त्याने खांदे उडवले आणि पत्र भिंतीवरच्या खिळ्याला टोचले. मी खुर्ची ओढून तेथेच बसलो, कारण माझा कोणावर विश्वास नाही.

काम मात्र त्याने चोख केले, हे मला नमूद केले पाहिजे. आधी गाडी धुतली. मग कणकेच्या गोळ्यासारखी मऊ माती, चौकोन टाळून, ओल्या पत्र्यावरून फिरवून रुतलेली धूळ ओढून काढली. रबराच्या कडांना पिवळी टेप लावली. शेवटी डिकीवरच्या चौकोनावर, माझी पट्टी घेऊन, चारी बाजूंनी टेप लावून वर कागद घातला. मशीनला तळहाताएवढा स्पंजचा गोल होता; तो फिरतही होता आणि थरथरतही होता. त्यावर मलमाचे चार ठिपके देऊन त्याने बॉनेटचा अर्धा भाग घेतला. घाई नाही, जोर नाही. मशीनच्या वजनानेच काम होऊ द्यायचे. मधूनमधून तो हाताच्या पालथ्या बाजूने पत्रा तापला का ते पाहत होता. मग मलम पुसले आणि मला हाक मारली.

“या, बघा.”

बॉनेटच्या मधोमध रेघ पडली होती. डावीकडे राख, उजवीकडे गाडी घेतली त्या दिवशीचा निळा रंग. त्यात मला माझा चेहरा दिसला, आणि त्यामागे कारखान्याच्या पत्र्याच्या छताला पडलेली भोके. मला आनंद झाला. हा तर थेट चौकोनाचा रंग, असे माझ्या मनातही आले. इतके समोर असूनही त्याचा पुढचा अर्थ मी लावला नाही. आयुष्यभर इतरांच्या कागदांतली विसंगती शोधलेल्या माणसाची ही चूक आहे, आणि ती मी येथे लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी काम संपले. त्याने गाडी बाहेर उन्हात घेतली आणि टेप माझ्या देखत सोलली.

चौकोन नव्हता.

मी वाकून पाहिले, चष्मा पुसून पाहिले, बाजूने पाहिले. सबंध डिकी एकसारखी निळी होती. मी मोठ्याने बोललो. विश्वासघात, ग्राहक आयोग, पंधरा दिवसांची नोटीस, असे शब्द वापरले. त्याने ऐकून घेतले, खिळ्यावरचे पत्र काढून आणले आणि सातव्या कलमावर बोट ठेवले.

“हात न्हाई लावला, साहेब. टेप तुमच्याम्होरं लावली, तुमच्याम्होरं काढली. चौकोन हाय तिथंच हाय. बाकीची गाडी त्याच्या रंगाला आली, म्हनून दिसंना झालाय.” मग पत्र माझ्या हातात देत म्हणाला, “काल हेच सांगत हुतो. तुमी बोलूच दिलं न्हाई.”

मी पैसे मोजून दिले आणि गाडीत बसलो.

घरी येऊन नोटीस लिहायला घेतली. पहिला परिच्छेद पक्षकारांचा, दुसरा घटनेचा. दोन्ही सुरेख उतरले. तिसऱ्यात झालेली हानी नमूद करायची असते. तेथे मी लिहिले : सदर चौकोन माझ्या पत्नीच्या शिकाऊ परवान्याची खूण होता. ती चांगली चालवत असे. तिला परवाना मिळाला नाही, यास तिच्या त्रुटी कारण नसून माझे पत्र कारण आहे. तिला काय म्हणायचे होते, ते मी ऐकले नाही.

एवढे लिहिल्यावर वर पत्ता कोणाचा घालावा हे मला कळेना. श्रीरामपूरची तिची बहीणही आता राहिली नाही. स्थळप्रत न काढता मी तो कागद खणात ठेवला.

रविवारी सकाळी मी खाली गेलो. सोबत पांढरा चिकटकागद, लाल टेप, कात्री आणि तीच जुनी पट्टी होती. निवृत्त माणसाने, स्वतःचा परवाना असताना, ‘एल’ लावावे अशी परवानगी मला कोणत्याही नियमात सापडली नव्हती, आणि शोधता शोधता मी मनाई पाहायचे सोडून दिले होते. डिकीची जागा डोळ्यांना दिसत नव्हती. मी तळहात सावकाश फिरवला. सगळीकडे हात घसरत होता. एके ठिकाणी तो किंचित अडला. तेथे मी खुणा केल्या आणि अठरा सेंटिमीटर मोजून कागद लावला.

सचिव दूध घेऊन परत येत होते. “वा, साहेब! नवी कोरी दिसतेय गाडी!” मग त्यांचे लक्ष मागे गेले. “हे काय? या वयात शिकताय?”

“होय,” मी म्हणालो.

ते आणखी काही बोलतील म्हणून मी थांबलो. ते हसून जिन्याकडे वळले. तेव्हा मी गाडीसाठी नवे घेतलेले आच्छादन घडी करून डिकीत टाकले आणि पॉलिशनंतर छपराखाली ठेवलेली गाडी काढून आवाराच्या दक्षिणेला, जेथे दिवसभर ऊन असते, तेथे नेऊन उभी केली.