बैलाच्या चालीचा सिग्नल

“दिवसा मार्केटच्या रस्त्यावर बैलगाड्या नकोतच,” ट्रॅफिक इन्स्पेक्टरनी ठणकावलं.

साठच्या दशकाची सुरुवात होती. बेंगळुरात सिग्नल ही नवलाई होती. मी सरकारी खात्यात इंजिनिअर. मार्केटजवळच्या चौकात कंपनीचा माणूस नवा सिग्नल बसवून गेला होता, वेळा परदेशी पुस्तकातून लावून. आदल्या दिवशी सिद्दप्पाची गाडी त्या चौकात मधोमध असताना आडव्या रस्त्याला हिरवा दिवा मिळाला. बस अंगावर आली. बैल वाचले, वांगी रस्ताभर झाली.

सिद्दप्पा बनशंकरीकडून भाजी आणायचा. तो आमच्या ऑफिसच्या व्हरांड्यातच उभा होता. कानडी रिवाजाप्रमाणे साहेबाला तो ‘स्वामी’ म्हणायचा. “स्वामी, बंदी आली तर बैल विकावे लागतील. भाजी काय डोक्यावरून आणू?”

मला रागच आला. नाचता येईना अंगण वाकडं! चूक सिग्नलची आणि शिक्षा बैलांना. मी आमच्या देसाईसाहेबांकडून एक दिवस मागून घेतला.

सकाळभर स्टॉपवॉच घेऊन चौकात उभा राहिलो. धावत्या वेगात मोटार पहिली, मग बस, मग जटका, म्हणजे आमच्याकडचा टांगा. उभ्यापासून निघताना मात्र जटक्याचं घोडं बसला मागे टाकायचं. बस गिअर बदलेपर्यंत ते चौक पार. भरलेली बैलगाडी चालत्या माणसाच्याही मागे राहायची.

“क्लिअरन्स वाढवायला हवा,” मी साहेबांना सांगितलं. क्लिअरन्स म्हणजे चौकात आधीच शिरलेल्यांना बाहेर पडायला दिलेला वेळ. तेवढा वेळ सगळ्या बाजूंना लाल दिवा ठेवायचा.

साहेब बेळगावकडचे, आमचं बोलणं मराठीतच चालायचं. “अरे, चार फटके दिले की बैल पळतंय!”

“मग एकदा बसून बघा, सर.”

साहेब खरंच बसले. टाय लावून, भाजीच्या पाट्यांमध्ये. मीही मागे चढलो. हिरवा संपता संपता गाडी चौकात शिरली. इन्स्पेक्टर कोपऱ्यावरून बघत होते.

“हाक, सिद्दप्पा, हाक!” साहेब ओरडले.

“हाकतोय की, स्वामी. बैल आहेत, मोटार नव्हे.”

अर्ध्यात पोचलो आणि आडव्या रस्त्याला हिरवा लागला. बसने कर्कश हॉर्न दिला. ब्रेक करकचून लागले. साहेबांनी दुधीभोपळा छातीशी घट्ट धरला होता. पलीकडे उतरल्यावर तो त्यांनी हळूच पाटीत ठेवला.

“वाढव वेळ,” ते म्हणाले. इन्स्पेक्टरनीही मग बंदीचं नाव काढलं नाही. मी त्या संध्याकाळी घरी शीळ घालत गेलो.

वेळ वाढवला. सिद्दप्पाची गाडी पूर्वीसारखी मार्केटात येऊ लागली. रस्ता सगळ्यांचा असेल तर घड्याळ सगळ्यात सावकाश जाणाऱ्याला विचारून लावावं, एवढं त्या चौकाने मला पक्कं शिकवलं.

आठवड्याने साहेबांचा फोन आला. “अरे, तुझ्या सिग्नलला माझी मोटार रोज ताटकळते!”

“सिद्दप्पाला पाठवू का, सर, न्यायला?”

त्यांनी फोन आपटला. वेळ कमी कर, असं मात्र म्हणाले नाहीत.