तांदळातलं नाव

मंगळवारी सकाळी दहा ते बारा, एवढीच काय ती प्रभाताईंची सुटका. तेवढ्या वेळात नवऱ्याजवळ, सूर्यकांतरावांजवळ, बसायला होमकेअरची बाई येते, आणि प्रभाताई बस धरून कॅनडातल्या त्यांच्या ग्वेल्फ गावच्या लायब्ररीत जातात. गाडी आहे की गॅरेजमध्ये, विंटर टायर्स घालून उभी. पण "मी आहे ना, तुला कशाला लायसन्स?" असं प्रोफेसरसाहेब चाळीस वर्षं म्हणत राहिले, आणि आता साहेबांना आपण कुठल्या देशात आहोत तेच आठवत नाही. गेल्या जानेवारीत ते नुसत्या पायजम्यावर बर्फात निघाले, तेव्हापासून पुढच्या दाराला आतून कुलूप असतं. किल्ली प्रभाताईंच्या गळ्यात, मंगळसूत्राशेजारी. किल्ली आहे हो, पण बाई जाणार कुठे?

लायब्ररीत त्या लोकांना पूर्वज शोधून देतात. हसू नका! तीस वर्षं लॅबमध्ये मायक्रोस्कोपला डोळा लावलेली बाई आहे ती, जुनं किरटं अक्षर तिच्यापुढे टिकत नाही. येणारे निम्मे लोक आयरिश घराण्यांतले. त्यांच्या आज्या-पणज्यांची मोठीच गंमत. घरात एक नाव, आणि पाद्री नाहीतर सरकारी कारकून कागदावर लिहिणार भलतंच इंग्रजी. डिअरमिडचा जेरेमाया, टाइगचा टिमथी. एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही, रीत पडली म्हणून लिहायचं.

त्या मंगळवारी पॅट्रिक हॅनलन आले होते. वय ब्याऐंशी. अकरा वर्षं आपल्या ॲबिगेल आजीच्या जन्माची नोंद शोधत होते, आणि ती काही सापडत नव्हती.

"आजोबा घरात काय हाक मारायचे तिला?" प्रभाताईंनी विचारलं.

"चिडले की गबी म्हणायचे. का, कोण जाणे."

प्रभाताईंनी कपाळावर हात मारला. "अहो, मग ती गॉबनिट! आयर्लंडात कॉर्ककडच्या गॉबनिटना कागदावर ॲबिगेल करून टाकायचे." आणि निघालीच नोंद. आईबाप तेच, गाव तेच, साल तेच. म्हाताऱ्याने स्क्रीनवर बोट टेकवलं, तीनदा ते नाव मोठ्याने म्हटलं आणि चारचौघांत रडला. मग नाक पुसत त्याने सहज विचारलं, "आणि तुझी आई तुला काय हाक मारायची?"

प्रभाताई बसची वेळ झाली म्हणून उठल्या.

इंदू. बुधगावची इंदू. शहात्तर साली सांगलीत लग्न लागलं आणि सासूबाईंनी ताटात तांदूळ पसरले. "सूर्यकांताच्या घरात प्रभाच शोभते," म्हणाल्या. सूर्यकांतरावांनी अंगठीने तांदळात नाव लिहिलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले, आणि इंदू संपली. मेलीला कुणी विचारलंसुद्धा नाही! पासपोर्ट, नोकरी, घर, सगळीकडे प्रभा. फक्त रवींद्र, धाकटा भाऊ, दर रविवारी फोनवर "इंदे, जेवलीस का गं?" म्हणायचा. मार्चमध्ये तोही गेला. आता इंदू म्हणणारं कुणी उरलं नाही असं व्हँकुव्हरच्या लेकीला सांगितलं, तर ती म्हणे, "आई, यू हॅड अनदर नेम?"

आता त्या नावाने तिला ओळखलेला जगात एकच माणूस उरला होता. ज्याने ते पुसलं, तोच. आणि त्याच्या डोक्यातलं रोज थोडंथोडं पुसलं जात होतं. एकदा, फक्त एकदा, त्याच्या तोंडून ते ऐकायचं होतं. बस घरी पोहोचेपर्यंत प्रभाताईंना दुसरं काही सुचलं नाही.

होमकेअरची बाई गेली, कुलूप लागलं. प्रभाताईंनी ताटात तांदूळ पसरले, सूर्यकांतरावांच्या बोटातली अंगठी काढून त्यांच्याच हातात दिली. "लिहा."

त्यांनी निमूटपणे 'प्र' काढला.

"हे नाही हो. ह्याच्या आधीचं."

सूर्यकांतरावांनी तळव्याने 'प्र' पुसला. मग एकदम खुदकन हसले. "इंदू. बुधगावची. पोहे आणून दिले तिने मला. बशी अशी थरथरत होती!"

प्रभाताईंच्या डोळ्यांना धार लागली. त्यांनी सूर्यकांतरावांचे दोन्ही हात धरले. "ती मीच हो. मीच इंदू."

सूर्यकांतरावांनी घाबरून हात ओढून घेतले. "छे, छे! तू प्रभा. ती बाहेर थांबलीय ना केव्हाची. दार उघड, थंडीत कुडकुडली असेल पोर."

"अहो—"

"उघड म्हणतो ना!"

प्रभाताईंनी गळ्यातली किल्ली काढली आणि दार उघडलं. ड्राइव्हवेवर त्या लायब्ररीत असताना पडलेला बर्फ तसाच होता. त्यात होमकेअरच्या बाईचे ठसे, बाहेर जाणारे, आणि त्यांच्या एकटीच्या बुटांचे, आत येणारे. सूर्यकांतरावांनी त्यांच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं.

"गेली वाटतं," ते म्हणाले. "प्रभा, भूक लागली गं."

प्रभाताईंनी दार लावलं, कुलूप घातलं, आणि ताटातले तांदूळ धुवून भाताला लावले.